चिनी अधिकाऱ्यांचे भरतकामी चौकोन व त्यांच्या कडा

चीन देशांत सरकारी अधिकाऱ्याचा दर्जा त्याच्या वस्त्रावर छातीस व पाठीस शिवलेल्या भरतकामी चौकोनावरून ओळखीत. ह्या चौकोनाचें तेथील नांव ‘पूत्झू’. त्याच्या मुळाशीं ठिगळ लावणें हाच अर्थ आहे. मिंग राजवटीनें ही पद्धति इ. स. १३९१ मध्यें घालून दिली. छिंग राजवटीनें ती इ. स. १६५२ मध्यें नव्यानें ठरविली, आणि इ. स. १९१२ मध्यें बादशाहीबरोबर ती लयास गेली. मुलकी अधिकाऱ्यास पक्षी व लष्करी अधिकाऱ्यास पशु असा नियम असे. मुलकी पहिल्या दर्जास क्रौंच, तिसऱ्यास मोर, लष्करी दुसऱ्यास सिंह.

अभ्यासकांचें लक्ष सहजच ह्या आकृतींकडे जातें. परंतु चौकोनाचा काळ व खरेपणा ठरविण्यास त्याची कडही तितकीच उपयोगी आहे. तें कळण्यास प्रथम घडण पाहिली पाहिजे.

रेशमी कापड चौकटीवर ताणून त्यावर आकृति काढीत व रंगीत रेशमाचे टांके एकमेकांस लागून भरीत. सोनेरी दोऱ्याची रीत निराळी. वर्ख लावलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या रेशमाभोंवतीं गुंडाळून तो केलेला असे. कापडांतून वारंवार ओढल्यास वर्ख सोलून निघे. म्हणून तो पृष्ठभागावर मांडून बारीक टांक्यांनीं जागोजाग बांधीत, व टोंकें तेवढीं मागें नेत. भरणें संपल्यावर सभोंवार थोडें कापड राखून कातरीत, ती कोर मागें दुमडीत व अस्तर लावीत. सुटे धागे आंत बंद झाल्यामुळें कड उसवत नसे. अंगरखा जीर्ण झाला तरी चौकोन उतरवून दुसऱ्यावर शिवतां येई.

मिंग अंगरखा बाजूस बांधला जाई; त्यामुळें त्याचा पुढचा चौकोन अखंड असे. छिंग काळचें बाह्यवस्त्र समोर मधोमध उघडे. म्हणून पुढचा चौकोन दोन अर्धांत करीत व पाठीचा अखंड ठेवीत. अर्थात् छिंग चौकोनाच्या अर्धांच्या मधल्या कडा मूळच्याच दुमडलेल्या असल्यास तो छातीवरचा होय. त्या नुसत्या कातरलेल्या असल्यास अखंड चौकोन मागाहून कापल्याचा संशय घ्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पदव्यांची विक्री वाढली. तेव्हां तयार पार्श्वभूमीवर निराळा भरलेला पक्षी शिवून देऊं लागले. बढती मिळतांच पक्षी तेवढा बदलावा. अशा पक्ष्याच्या कडेबाहेर जुन्या टांक्यांचीं भोंकें किंवा न विटलेला रंग दिसल्यास तेथें पूर्वीं दुसरा पक्षी होता असें समजावें.

इ. स. १९१२ नंतर पुष्कळ चौकोनांच्या पिशव्या व उशा झाल्या, आणि त्यांत कित्येक कडा छाटल्या गेल्या. संग्रहकर्त्यांनीं उरलेल्या कडा शोभेसाठीं छाटूं नयेत, व अस्तर काढण्यापूर्वीं त्याची नोंद करावी. पक्षी कोणीही पुन्हां भरूं शकेल. मूळची दुमड एकदां कातरली कीं तो पुरावा पुन्हां मिळत नाहीं.