साप चावला? ग्रुपवर फोटो नको, १०८ लावा

रत्नागिरी परिसरात फुरसे हा विषारी साप बराच आढळतो. सर्पदंशानंतर काही वेळा घरचे लोक सापाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात आणि उत्तराची वाट पाहतात. कोणी फॉरवर्ड आलेले घरगुती उपाय करून बघतात. यात मोलाचा वेळ जातो.

भारतात वापरली जाणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या ४ सापांच्या विषावर काम करते. त्यामुळे साप ओळखेपर्यंत थांबू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहतात. ही तपासणी पुन्हा करावी लागू शकते, त्यामुळे बरे वाटले तरी घरी जाण्याची घाई करू नका.

मोबाईल १०८ ला फोन करण्यासाठी वापरा. रुग्णाला धीर द्या, अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. करकचून बांधणे, चिरणे, चोखणे टाळा. फोटो आधीच काढला असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी सापामागे जाऊ नका.