ओलं फडकं आणि तापलेली कॉइल

मे महिना लागला की गॅरेजात एक वाक्य मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. ‘घाटात गाडी बंद पडली, पेट्रोलची वाफ झाली होती. ओलं फडकं टाकलं, पंधरा मिनिटं थांबलो, हाफ सेल्फला चालू झाली.’ आजार कळला आणि औषधही सापडलं, अशी सांगणाऱ्याची खात्री झालेली असते. पुढच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा बंद पडते, आणि तेव्हा घाट नसतो, साधा सिग्नल असतो.

हा समज मुळात खोटा नाही, म्हणूनच तो जात नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० यांचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असायचा. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळतं. वाफ धरली की पंप नुसता हलत राहतो, पुढे काही जात नाही. चढावर, भर उन्हात हे खरोखर होत असे आणि पंपावर ओलं फडकं टाकणं हा त्यावरचा बरोबर उपाय होता.

पण आज ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे इंजेक्शनच्या असतात. त्यांचा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. कुकरमधलं पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही, तसंच हे दाबाखालचं पेट्रोल. मग बॉनेट उघडून फडकं टाकता ते नेमकं कशावर?

तरीही गाडी चालू होते, हे मला मान्य आहे. ते काम फडक्याचं नसतं, पंधरा मिनिटांचं असतं. तेवढ्या वेळात बॉनेटखालची प्रत्येक वस्तू निवते. तापल्यावर दगा द्यायचा आणि निवल्यावर सुरळीत चालायचं, हा स्वभाव बहुतेक वेळा विजेच्या भागाचा असतो. इग्निशन कॉइलच घ्या. आत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यातून १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. तारेवरचा लेप जुना होऊन चिरला की तापल्यावर वेढे आपसांत शॉर्ट होतात, नाहीतर आत तुटलेलं टोक सुटतं. निवलं की ते पुन्हा टेकतं. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर हेच करतो. त्याचा सिग्नल गेला की इंजिन फिरतंय हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतच नाही, मग तो ना ठिणगी देतो, ना पेट्रोल.

गाडी बंद कशी पडली, हे आठवा. पेट्रोल कमी पडलं तर ती सहसा आधी झटके देते, ओढ जाते, मग थांबते. चावी फिरवावी तशी एका क्षणात बंद झाली तर पहिला संशय करंटवर घ्या.

आणि तपासणी गाडी बंद असतानाच, गरम असतानाच करा. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आहे. निवून चालू झालेली गाडी गॅरेजात आणली की सगळंच ठीक दिसतं. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, फिल्टर बदलला जातो, पंप बदलला जातो. लोकांचे कष्टाचे पैसे असे गेलेले पाहिले की मला खरंच राग येतो.

माझ्याकडे अशीच एक जुनी कार्बोरेटरवाली ८०० आली होती, दोन पंप बदलून झालेली. मी ती उभ्या उभ्या चालू ठेवली. चाळीसेक मिनिटांनी ती बंद पडली. एअर फिल्टरचं झाकण काढलं, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारला आणि हाताने थ्रॉटल ओढला. पेट्रोलची बारीक पिचकारी स्वच्छ दिसली. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. झाकण परत लावलं, डेल्कोला (डिस्ट्रिब्यूटरला) जाणारी कॉइलची वायर एका सुट्या प्लगला जोडली, प्लग इंजिनाला घट्ट टेकवून ठेवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. दुसरी कॉइल जोडली आणि गाडी हाफ सेल्फला चालू झाली. हे करताना प्लग हातात धरायचा नाही आणि कार्बोरेटरपासून लांब ठेवायचा. इंजेक्शनच्या गाडीत तर हा प्रयोग घरी करूच नका. तिथे कान आणि डोळे पुरतात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर येते का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का? अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सर आधी तपासून घ्या.

बाकीचे समज थोडक्यात. ‘बॅटरी गेली’: सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरत असेल तर नाही. मात्र बंद पडण्याआधी बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर अल्टरनेटर बघा, नाहीतर नवी बॅटरीही थोड्या अंतरावर उतरेल. ‘धक्का मारा’: सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, धक्क्याने त्यात काय वाढणार? उलट न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. ‘चोक ओढा’: गरम इंजिनाला कधीच नाही, प्लग ओले होतील. ‘इंजिनावर पाणी ओता’: हेडला तडा जाऊ शकतो.

‘सगळा दोष इथेनॉलचा’ हेही हल्ली फार ऐकू येतं. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, ते बदलून घ्या. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही, शून्य इथेनॉलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२०वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज आहे. पण निवल्यावर ज्या गाडीची ठिणगी परत येते, तिच्या बिघाडाशी इथेनॉलचा संबंध नाही.

तेव्हा घाटात गाडी बंद पडली तर आधी ती कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा. मग कागदावर लिहून ठेवा: किती वेळ चालवल्यावर बंद पडली, झटके देत की एकदम, सेल्फ फिरत होता का, आरपीएमचा काटा हलला का, किती मिनिटांनी चालू झाली. मेकॅनिकच्या हातात चावीसोबत तो कागदही द्या.