"बाथरूममध्ये पाय घसरला": नवऱ्याच्या मारहाणीचा आईच्या तब्येतीवर होणारा परिणाम

पालकसभेला एखादी अम्मी हाताला पट्टी बांधून येते. विचारलं तर म्हणते, "मॅडम, बाथरूममध्ये पाय घसरला." दोन महिन्यांनी डोळ्याखाली काळंनिळं असतं, तेव्हा "कपाटाचं दार लागलं." आम्ही शिक्षिका एकमेकींकडे बघतो, मुलाचं प्रगतिपुस्तक पुढे करतो आणि विषय बदलतो. मियाँ-बीवीच्या भांडणात आपण कशाला पडायचं, असं आम्हालाही वाटत आलंय. पण हा फक्त भांडणाचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर बोलायला हवं.

हे किती घरांत होतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यात सगळ्या धर्मांच्या, खेड्यातल्या आणि शहरातल्या, शिकलेल्या आणि न शिकलेल्या बाया आहेत. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. बाकीच्या बहुतेकींनी ते कुणालाच सांगितलं नाही.

गरोदरपणात

पोटावर लाथ किंवा बुक्का बसला तर वार वेळेआधी सुटू शकते, रक्तस्राव होतो, आणि आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो. गर्भपात आणि वेळेआधी बाळंतपणाची भीतीही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त असते.

मार पोटावर बसला नाही तरी नुकसान होतंच. ज्या घरात बाईला घाबरून राहावं लागतं, तिथे ती वेळेवर जेवत नाही, लोहाच्या गोळ्या राहून जातात, तपासणीला जायला परवानगी मिळत नाही. दोन मुलांत अंतर ठेवायचं की नाही, हेही तिच्या हातात राहत नाही. मग एकामागून एक बाळंतपणं, अंगात रक्त कमी, आणि आपण म्हणतो, "हिची तब्येतच नाजूक आहे."

बाळंतपणानंतर

सतत भीतीत राहिलं की शरीर कायम सावध राहतं. झोप लागत नाही, डोकं आणि पाठ दुखते, छातीत धडधडतं, रक्तदाब वाढतो. दूध पाजणाऱ्या आईला पान्हा लवकर फुटत नाही. दवाखान्यात गोळ्या मिळतात, दुखणं पुन्हा येतं, कारण मूळ कारण कुणी विचारलेलंच नसतं.

मनावरचा मार अंगावरच्या वळापेक्षा जास्त टिकतो. त्याच अहवालानुसार अशा स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. उदास राहणं, उगाच रडू येणं, बाळाला जवळ घ्यावंसं न वाटणं, "मेलेलं बरं" असे विचार येणं, याला नखरे म्हणू नका. हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. गळा दाबला असेल आणि बाहेर खूण दिसत नसेल, तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. आतल्या इजेचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. आणि जो एकदा गळा दाबतो, त्याच्याकडून पुढे जिवाला धोका असतो.

आणि मुलं

मुलं झोपली आहेत असं आपल्याला वाटतं, पण ती चादरीखाली सगळं ऐकत असतात. वर्गात आम्हाला ते दिसतं. कुणी पेंगतं, कुणी फळ्याकडे बघत हरवून जातं, कुणी शेजारच्याला मारतं. अम्मीची तब्येत आणि मुलाचा अभ्यास, दोन्ही एकाच घरात घडतात.

सब्र म्हणजे काय?

माहेरी आलेल्या मुलीला आपण सहज म्हणतो, "सब्र कर बेटी, सगळं ठीक होईल." सब्र मोठी गोष्ट आहे, पण सब्र म्हणजे जुल्म निमूट सोसणं नव्हे. प्रेषितांनी (स.) कधी कुठल्या स्त्रीवर हात उगारला नाही, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग इज्जत झाकायची कुणाची, मारणाऱ्याची की मार खाणारीची?

काय करता येईल?

दवाखान्यात डॉक्टरांना खरं कारण सांगा. उपचार नीट होतात आणि कागदावर नोंद राहते. कौटुंबिक हिंसाचार कायदा (२००५) सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात मारहाणीपासून संरक्षण, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा ताबा मागता येतो. त्यासाठी तलाक घ्यावाच लागतो असं नाही. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मनाच्या त्रासासाठी १४४१६. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्र अशाच स्त्रियांसाठी सुरू झालं. आधार कार्ड, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि दवाखान्याचे कागद (निदान त्यांच्या झेरॉक्स) विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

बहीण, नणंद, शेजारीण, शिक्षिका, आपण कुणीही असू, तिला एकटीला गाठून विचारू या. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारलं तर घरी तिलाच भोगावं लागतं. "तू काय केलंस?" असं नको, "तू बरी आहेस ना?" एवढंच पुरे. ती लगेच बोलणार नाही, पण विचारणारं कुणी आहे हे तिच्या लक्षात राहील.

पुढच्या पालकसभेत आम्ही प्रगतिपुस्तक जरा बाजूला ठेवणार आहोत.