पुस्तिका दिली, पुढे काय?

उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या कंदर, चिखलठाण, केत्तूर या पट्ट्यात कॅन्सरचे उपचार संपवून माणूस घरी आला की त्याची खाट आणि पथ्य ठरलेले. "जड काय उचलू नगंस, पडून ऱ्हा," हे घरचे मायेनेच सांगतात. संशोधन मात्र आता उलटे सांगू लागले आहे.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवरची 'चॅलेंज' चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण बहुतांश कॅनडा, ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या मदतीने व्यायाम, बाकीच्यांना नुसती आरोग्य-पुस्तिका. आठ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९०.३ टक्के, दुसऱ्यात ८३.२. आणि व्यायाम म्हणजे काय, तर आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास ते तासभर झपाझप चालण्याइतका! व्यायामाचा सल्ला पुस्तिकेतही होताच. पहिल्या गटाला जास्तीचा मिळाला तो सुरुवातीला दर पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला "किती चाललात?" विचारणारा माणूस. मला तरी खरे औषध तोच वाटतो.

हे आकडे आतड्याच्या कॅन्सरचे. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण उपचारांनंतरचा थकवा चालण्याने कमी होतो, हे अनेक कॅन्सरमध्ये दिसले आहे.

"शेतात राबतोच की आम्ही," असे इथे कुणीही म्हणेल. पण आजारपणानंतर शेत सुटते, आणि खुरपणीला दिवसभर वाकणे म्हणजे दम लागेल असे चालणे नव्हे. शेतकामात प्रश्न हाताचाही असतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येऊ शकते. म्हणून तो हात जन्मभर जपून ठेवायचा, हा जुना सल्ला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेला व्यायाम सुरक्षित असतो, हे आता माहीत आहे. मात्र उसाच्या पाचटाने हात चिरला तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. फडात पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच.

पथ्याचेही तसेच. धरणातली चिलापी स्वस्त, प्रथिनांनी भरलेली, आणि नेमकी तीच आजाऱ्याच्या ताटातून काढतात. तोंडाला रेडिएशन झालेल्याची लाळ आटते, त्याला कडक भाकरी गिळवत नाही. ती आमटीत कुस्करून, सोबत मऊ शिजवलेला काटे काढलेला मासा किंवा अंडे द्यावे. मिश्री आणि तंबाखू मात्र कायमची सुटायला हवी, आणि ती एकट्याने सुटणे फार अवघड.

घरोघरी जाऊन विचारणे या सोलापूर जिल्ह्याला नवे नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, ती कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून रुग्ण शोधले म्हणूनच चालली. आज तपासणीसाठी आशाताई दारात येतातच. उपचारांनंतरची विचारपूसही त्यांच्याकडे द्यायची, तर त्यासाठी प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यावा लागेल. कमी पैशातली कामे त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहेत.