थकलेल्या अंडाशयाला पुन्हा पालवी फुटेल काय?

स्त्रीच्या शरीरातील बहुतेक अवयव साठीपर्यंत आपले काम नेटाने करीत असतात. अंडाशय मात्र याला अपवाद आहे. पस्तिशी ओलांडली की त्याची शक्ती झपाट्याने उतरणीला लागते. भारतीय स्त्रीची मासिक पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते; पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. शिक्षण, नोकरी आणि उशिरा होणारे विवाह यांमुळे हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. कोल्हापूर-सांगलीकडील वंध्यत्व उपचार केंद्रांतही चाळिशीला टेकलेली जोडपी दिसतात. अशा वेळी म्हाताऱ्या उंदराच्या अंडाशयात पुन्हा जीव आल्याचे वृत्त वाचनात आले, की मनाला आशा वाटणे स्वाभाविक आहे. ही आशा कितपत साधार आहे, हे मात्र तपासून पाहायला हवे.

जन्माआधीची पुंजी

स्त्रीबीजांचा साठा मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतो. गर्भाच्या पाचव्या महिन्यात तो ६० ते ७० लाखांवर असतो. जन्मापर्यंत त्यातील १० ते २० लाख, तर वयात येताना सुमारे ३ ते ४ लाख बीजे उरतात. आयुष्यभरात यांपैकी जेमतेम ४०० बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात; बाकीची आपोआप जिरून जातात. रजोनिवृत्तीच्या वेळी हजारभरच शिल्लक असतात.

संख्येबरोबर गुणवत्ताही घसरते. बीजातील गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने जन्मापूर्वीच तयार होतात आणि नंतर त्यांची फारशी भरपाई होत नाही, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. वर्षे उलटतात तशी ही पकड सैल होते आणि गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. त्यामुळेच पंचविशीतील मातेच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता सुमारे १२५० मध्ये एक असते, तर चाळिशीत ती १०० मध्ये एक होते.

गर्भाशय त्या मानाने फार कमी थकते. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांनी जानेवारी १९९१ मध्ये दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या बीजापासून भारतातील पहिले मूल जन्मले, तेव्हा याचाच प्रत्यय आला. मात्र अशा मुलात मातेचा स्वतःचा आनुवंशिक वारसा नसतो. स्वतःच्याच अंडाशयाला पुन्हा कार्यरत करण्याची ओढ येथूनच निर्माण होते.

परळच्या प्रयोगशाळेत

स्त्रीबीजांचा साठा जन्मानंतर वाढत नाही, हा सिद्धान्त १९५१ मध्ये झुकरमन या शास्त्रज्ञाने मांडला आणि अर्धशतक तो निर्विवाद राहिला. २००४ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टिली यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे त्यास आव्हान दिले. २००९ मध्ये शांघायच्या संशोधकांनी उंदराच्या अंडाशयातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी वंध्य केलेल्या माद्यांमध्ये रोपल्या आणि त्यांना पिल्ले झाल्याचे जाहीर केले.

या वादात महाराष्ट्राचाही वाटा आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ससा, मेंढी, माकड आणि रजोनिवृत्त स्त्रिया यांच्या अंडाशयांच्या पृष्ठभागावरील पेशींचा अभ्यास केला. तेथे अतिसूक्ष्म मूलपेशी आढळतात आणि प्रयोगशाळेत वाढविल्यास त्यांपासून स्त्रीबीजासारख्या रचना तयार होतात, असा निष्कर्ष त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. कर्करोगावरील औषधांनी बीजे नष्ट झालेल्या उंदरांतही या पेशी तग धरतात, असे त्यांनी पुढे दाखविले.

मात्र ‘स्त्रीबीजासारखी रचना’ आणि ‘स्त्रीबीज’ यांत मोठे अंतर आहे. अशा पेशींपासून आजवर मानवी मूल जन्मलेले नाही. २०२० मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मानवी अंडाशयाच्या बाह्य थरातील हजारो पेशी एकेक करून तपासल्या; त्यांत त्यांना बीज निर्माण करणारी मूलपेशी आढळली नाही. वाद अद्याप मिटलेला नाही.

मेंढीने दाखविलेली वाट

उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. त्याची मादी एका वेळी अनेक बीजे सोडते आणि तिला स्त्रीसारखी रजोनिवृत्ती येत नाही. त्यामुळे उंदरात साधलेले स्त्रीमध्ये साधेलच, असे म्हणता येत नाही. मेंढीचे तसे नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस जमणाऱ्या धनगरांना ठाऊक असते, की मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. तिच्या अंडाशयाची घट्ट, तंतुमय घडणही स्त्रीच्या अंडाशयाशी मिळतीजुळती असते.

म्हणूनच स्कॉटलंडमध्ये रॉजर गॉस्डेन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या अंडाशयाचे काप उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून पुन्हा तिच्याच शरीरात रोपले. तिला कोकरू झाल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, बेल्जियममध्ये कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रीने याच पद्धतीने मुलीला जन्म दिला. तिच्या अंडाशयाचे काप उपचारांपूर्वी, १९९७ मध्ये गोठविले होते. तेव्हापासून जगभरात अशी दोनशेहून अधिक मुले जन्मली आहेत.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे वृद्ध अंडाशय तरुण झालेले नाही. तरुण अंडाशयाचे वय थांबवून ठेवले गेले.

दुसरी वाट झोपलेल्या बीजांना जागे करण्याची. प्रथम उंदरांत आजमावलेली ही पद्धत जपानमध्ये अकाली रजोनिवृत्ती आलेल्या २७ स्त्रियांवर वापरण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांपैकी पाच जणींत परिपक्व बीज मिळाले आणि एकीला मूल झाले. येथेही नवे बीज निर्माण झाले नाही. जिच्या अंडाशयात काहीच शिल्लक नव्हते, तिला ही पद्धत उपयोगी पडली नाही.

आशेचा बाजार

शास्त्रज्ञ सावधपणे पावले टाकीत असताना बाजार मात्र पुढे धावतो. रुग्णेच्याच रक्तातील बिंबिकांनी समृद्ध द्रव अंडाशयात टोचण्याचा उपचार, अर्थात पीआरपी, अनेक ठिकाणी ‘अंडाशयाचे पुनरुज्जीवन’ म्हणून दिला जातो. मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत त्यामुळे परिपक्व बीजांची संख्या वाढल्याचे दिसले नाही. वृद्ध उंदरांची प्रजननक्षमता सुधारणारे एनएमएन हे द्रव्य गोळ्यांच्या रूपाने विकले जाते. स्त्रियांमध्ये त्याने गर्भधारणा वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

मूलपेशींबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्तविकारांसारख्या काही मान्यताप्राप्त आजारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णेकडून त्यासाठी पैसे घेणे योग्य नाही. म्हणून दागिने मोडून असा उपचार घेण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत. हा प्रयोग प्राण्यांवर झाला की स्त्रियांवर? उपचार न घेतलेल्या स्त्रियांशी तुलना केली होती काय? आणि शेवटी किती जणींना मूल झाले?

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार स्त्रीला अशी सेवा वयाच्या ५० व्या वर्षापर्यंतच घेता येते. पण निसर्गाची मर्यादा त्याआधीच येऊन ठेपते. चाळिशीतील स्त्रीचे एक वर्ष अमूल्य असते. सिद्ध न झालेल्या उपचारात ते खर्ची पडले, तर पैशापेक्षा मोठी हानी होते. थकलेल्या अंडाशयात नवे बीज कधी काळी निर्माण होईलही. तोवर कर्करोगाच्या उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या तरुणीला बीजे वा अंडाशयाचे काप गोठविण्याची माहिती वेळेवर मिळणे आणि पस्तिशीतील दाम्पत्याला वयाचा हिशेब कोणीतरी प्रामाणिकपणे सांगणे, हेच या संशोधनाचे आज हाती आलेले फळ आहे.