आधी मुलाचं वय, मग बोट

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे निघणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. लांबी सुमारे २११ मीटर, आणि एका खेपेत साधारण अठराशे प्रवासी सहज मावतील एवढी जागा. कॅरिबियन आणि युरोपच्या समुद्रांत अनेक वर्षं फिरून ते भारतात आलं आणि सप्टेंबर २०२१पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’च्या नावाने धावू लागलं. तेव्हापासून क्रूझची सहल मराठी कुटुंबांच्याही आवाक्यात आली. दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांसह तीन पिढ्या बोटीवर चढताना दिसतात.

मुंबई-गोवा बोट कोकणाला नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट बंदरं घेत घेत पणजी गाठायची. अनेक ठिकाणी ती खोल पाण्यातच थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला लागायच्या. तो गावी जाण्याचा प्रवास होता. आजच्या क्रूझवर पोचण्याची घाई कुणालाच नसते. लहान मुलांना तर बोटच गाव वाटते. म्हणून दोन रात्रींच्या सहलीत ‘गोवा किती बघून होईल’ हा हिशोब मांडणाऱ्यांची निराशा होते. मोठं जहाज मुरगाव बंदराला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर. मुलांना घेऊन ही धावपळ करण्यापेक्षा वास्कोजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर असलेलं नौदलाचं विमान संग्रहालय गाठावं. ‘सी हॅरियर’सारखी लढाऊ विमानं तिथे अगदी जवळून बघता येतात. सोमवारी ते बंद असतं.

बोटीवर मुलांसाठी पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत, संध्याकाळचे जादूचे आणि नाचगाण्याचे कार्यक्रम असतात. पण आईवडिलांना खरी उसंत मिळते ती मुलांच्या क्लबमुळे. तिथे प्रशिक्षित माणसं मुलांना चित्रकला, खेळ, छोट्या स्पर्धांमध्ये गुंतवून ठेवतात. पालकांनी सही करून मूल सोडायचं आणि सही करूनच परत न्यायचं.

मात्र इथे एक अट असते, आणि तीच बहुतेकांना बोटीवर चढल्यावर कळते. जगभरातल्या मोठ्या कंपन्यांच्या क्लबमध्ये साधारणपणे तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच एकटं ठेवून घेतात. त्याहून लहान मुलाच्या सोबत आईला किंवा बाबांना थांबावं लागतं. डायपरमधल्या बाळाला तलावातही सहसा उतरू देत नाहीत. त्यामुळे दीड वर्षाच्या बाळासाठी क्लब आणि तलाव असलेल्या बोटीचे चढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. अनेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रवासच करू देत नाहीत. लांबच्या सफरींना ही मर्यादा एक वर्षाची असते.

जेवणाची काळजी मात्र सोडून द्यावी. मुंबईहून निघणाऱ्या बोटीवर वरणभात, पोळी, इडलीपासून जैन जेवणापर्यंत सगळं मिळतं. सिंगापूरहून निघणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’वरही भारतीय शाकाहारी जेवणाची सोय आहे. ‘डिस्ने’च्या बोटींवरची पद्धत तर फारच सुरेख आहे. कुटुंब रोज रात्री वेगळ्या उपाहारगृहात जेवतं, पण वाढणारी माणसं तीच, तीही कुटुंबाबरोबर जागा बदलतात. एखाद्या मुलीला आमटी नको, नुसता भात आणि दही हवं, हे दुसऱ्या रात्री सांगावं लागत नाही. बुफेत मात्र चिमटे, डाव सगळ्यांच्या हातातून फिरतात आणि बंद जहाजावर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. ताट घेण्याआधी मुलांचे हात साबणानेच धुवावेत.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वाधिक होतो. कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना मात्र खोली स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. त्यामुळे स्वस्त पडते म्हणून बिनखिडकीची केबिन घेतली, तर मूल कासावीस झाल्यावर त्याला तिथे झोपवून ठेवू नये. सरळ डेकवर न्यावं, वाऱ्यावर उभं करावं, दूरची क्षितिजाची रेघ बघायला लावावी. मोबाइल त्याच्या हातातून काढून घ्यावा. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी बसतात. बुकिंग करतानाच तशी केबिन मागावी. आल्याची वडी जवळ असू द्यावी, औषध मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावं.

चौघांच्या केबिनमध्ये वरच्या दोन खाटा भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि छोट्या शिडीवरून चढावं लागतं. मुलांसाठी तो मोठाच आनंद. पण पाच वर्षांच्या मुलाला रात्री वर झोपवू नये. बाल्कनीची केबिन घेतली असेल तर खुर्ची कठड्यापासून लांब सारून ठेवावी आणि दाराची वरची कडी लावावी.

निघण्याआधी होणारी सुरक्षा कवायत कंटाळवाणी म्हणून अनेक जण तिथे नुसतेच उभे राहतात. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत बंदर सोडण्याआधी किंवा सोडताच घेण्याचा नियम आला. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट वेगळं असतं. ते केबिनमध्ये आहे का हे चढल्याबरोबर बघावं, नसेल तर लगेच मागून घ्यावं आणि बोट हलण्याआधी एकदा मुलाला घालून बघावं.