कलमाचा सांधा वीतभर वर

औंढा नागनाथहून हिंगोलीकडे येताना रस्त्याला लागून केसर आंब्याची एक कोवळी बाग आहे. दिवाळीच्या सुमारास भोवतीची हळद आणि तूर हिरवीगार होती, पण या बागेच्या उताराकडच्या ओळी लांबूनच पिवळ्या दिसत होत्या. आंबा सदाहरित. त्याचं पान वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतं, जुनं गळायच्या आत नवं आलेलं असतं. अशा झाडाने लागवडीच्या पहिल्याच वर्षी पानं टाकायला घेतली, तर तो ऋतू नव्हे, दुखणं. मी थांबलो ते पिवळ्या ओळी पाहून. नंतर जात राहिलो ते तिथे काम करणाऱ्या मामांसाठी.

मामांनी साठी ओलांडली आहे. उभा जन्म रोपवाटिकांमध्ये कलमं बांधण्यात गेला. आता आसपासचे बागवाले झाड बिघडलं की त्यांना बोलावून नेतात. बागेचा मालक तरुण. त्याने २०२४ च्या जुलैत कलमं लावली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात हिंगोली जिल्ह्यातल्या शेतांची तळी झाली. पाणी ओसरलं, तरी खालच्या ओळींत ओल मुरून राहिली. पानांनी माना टाकल्या, तेव्हा कुणी म्हणालं तहान लागली, म्हणून ठिबक सोडलं. पानं पिवळी पडली, तेव्हा कुणी म्हणालं खत कमी पडलं, म्हणून युरिया दिला. सांगणारे सगळे मायेनेच सांगत होते. मात्र बुडाशी बसून कुणी पाहिलं नव्हतं.

मामा बसले. खुरप्याने खोडालगतची माती उकरली, मूठभर नाकाशी नेली आणि मग माझ्यापुढे धरली. गाळाचा, कुजक्या अंड्यासारखा वास. "पानी कमी न्हाई भाऊ," ते म्हणाले, "मुळीला श्वास न्हाई."

काळी भारी जमीन भिजली की फुगते. तिच्या भेगा मिटतात, मातीतली हवा निघून जाते. मुळांनाही प्राणवायू लागतो, तो मिळाला नाही की पाणी शोषणारी तंतुमुळं आधी कुजतात. मग भोवती पाणी असूनही झाडाला ते उचलता येत नाही आणि पान मलूल पडतं. पाण्याने झालेलं हे दुखणं बाहेरून हुबेहूब तहानेसारखं दिसतं. त्यावर आणखी पाणी देणारा माणूस निष्काळजी नसतो. त्याला कुणी बुडाशी बघायला शिकवलेलंच नसतं.

मग मामांनी मालकाला विचारलं, "सांधा कुठंय?" त्याला दाखवता येईना. खुंटरोप आणि केसरची काडी जिथे जुळते तो सांधा मातीखाली गेला होता. "वीतभर वर पायजे," मामा म्हणाले. लावताना खड्डा भुसभुशीत मातीने भरतात. पहिल्या मोठ्या पावसात ती माती दबते, रोप तिच्याबरोबर खाली बसतं आणि वरून गाळ येतो. सांधा सतत ओलीत राहिला की तिथली साल कुजू लागते. प्रत्येक झाडाशी मामा खोडाला हात लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घ्यायचे. वीतभर. पुढच्या झाडाशी पुन्हा, वीतभर. दुपारपर्यंत मालकही पुटपुटत माप घ्यायला लागला होता.

बाकीचं काम साधं होतं. उताराच्या दिशेने चर काढून पाणी बाहेर काढलं, ठिबक बंद केलं, खोडं मोकळी केली, सांध्याखालचे रानफुटवे खुडले. खोडांना बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. माती वाफशावर आल्यावर कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घातलं. युरियाची गोणी मामांनी गोठ्यात ठेवायला लावली. नवी पालवी येईपर्यंत रासायनिक खताचा दाणा नाही.

एक झाड मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच्या जागेला पाण्याचा निचरा चांगला होता, तरी ते झुरत होतं. मामांनी नखाने साल खरवडली, आत हिरवी होती. "जीव हाय," म्हणाले आणि भोवतीची माती हलक्या हाताने काढत गेले. खालून काळ्या प्लास्टिकची कड दिसली. पिशवीसकट लावलेलं रोप! पाऊस, ऊन, थोडीफार निगा, सगळं त्याला मिळालं होतं आणि मुळं मात्र त्या पिशवीत गोल गोल फिरत होती. मामांनी ब्लेडने पिशवी उभी चिरून तुकड्या-तुकड्याने बाहेर काढली. त्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र राग आला. खड्ड्याच्या हिशोबाने मजुरी दिली की खड्डे भरतात, झाडांचं कुणी पाहत नाही.

जानेवारीत यातल्याच दोन-तीन अशक्त कलमांना मोहोर आला. मालक हरखला. मामांनी तो खुडून टाकला आणि पोराचा चेहरा उतरला. "भ्यालेलं झाड फुलतं बाबा. आधी अंग धरू दे." पहिली तीन-चार वर्षं आंब्याच्या कलमाचा मोहोर काढायचाच असतो. त्याची ताकद मुळांत आणि फांद्यांत जायला हवी. फेब्रुवारीत काही झाडांना तांबूस पालवी फुटली. काहींना फुटली नाही, ती वाळली. मार्चपासून मामांनी पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा आडोसा केला, आळ्यात सोयाबीनचं भुस्कट पसरलं, आणि पाणी खोडाशी न देता लांबून, मुळांच्या टोकांशी दिलं.

या सगळ्या कामात जास्तीचं द्यायचं फार थोडं होतं. जास्तीचं पाणी, जास्तीची माती, जास्तीची फूट, अडलेलं प्लास्टिक काढून घ्यायचं आणि वाट पाहायची. वाट पाहण्याला आपल्याकडे मजुरी नाही. राज्याने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तो आकडा लावण्याचा होता, जगवण्याचा नव्हे. त्या मानाने २०१८-१९ मध्ये आलेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना मला अधिक शहाणी वाटते. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जिवंत असतील तरच. रस्त्याकडेच्या, शाळेच्या आणि गायरानातल्या लागवडीलाही हीच अट हवी, आणि तिथे झाडं राखणाऱ्या माणसाला तीन वर्षांची मजुरी हवी.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावात लागवड होईल, फोटो निघतील. रोप खड्ड्यात ठेवण्याआधी पिशवी काढली का ते बघा. कलम असेल तर सांधा वीतभर वर आहे का, ते हाताने मोजा. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच जागी उभे राहून दुसरा फोटो काढा, आणि ग्रामसभेत दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारा, किती जगली?